मशीन घेऊन दिले, काम कोणी घेतले?

आमच्या दारव्ह्यात कपडे धुण्याचे मशीन आता नवलाईचे राहिलेले नाही. लग्नाच्या आंदणात कपाट आणि कूलरच्या रांगेत ते उभे असते. दिवाळीच्या तोंडावर दुकानदार हप्त्यांवर देतात. आणि ज्या घरात ते आले, त्या घरातल्या बाईबद्दल एक वाक्य ठरून गेले आहे : "आता तिले काय काम हाय?" सासू म्हणते, शेजारीण म्हणते, नवरा तर म्हणतोच. माझ्याही घरात दहा किलोचे मशीन आहे. आम्ही सात माणसे. गेली चार वर्षे हे मशीन मी चालवते आहे. त्या अनुभवाच्या बळावर मला या वाक्याचा समाचार घ्यायचा आहे. कारण हे वाक्य दिसते तितके साधे नाही. बाईचे काम संपले असे एकदा ठरवून टाकले, की ते वाटून घेण्याचा प्रश्नच उरत नाही.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. मी मशीनच्या विरोधात नाही. थंडीच्या दिवसांत मोरीत उकिडवे बसून दोन-दोन बादल्या धुणे काढणे, सोड्याने बोटांच्या पेरांना पडलेल्या चिरा, ओली सोलापुरी चादर पिळताना मनगटातून निघणारी कळ, हे ज्यांनी भोगलेले नाही त्यांनी "हाताच्या धुण्याची सर मशीनला येत नाही" असे म्हणू नये. आपल्या चळवळीतही कधीकधी मशीन म्हणजे मध्यमवर्गी बायकांचे चोचले असा सूर निघतो. तोही मला मान्य नाही. हान्स रोस्लिंग नावाच्या स्वीडनमधल्या डॉक्टरने २०१० साली एका भाषणात सांगितले होते, की त्याच्या घरी मशीन आले तेव्हा आईला वेळ मिळाला आणि ती त्याला घेऊन वाचनालयात जाऊ लागली. हे खरेच असणार. पाठ वाचते, मनगट वाचते, हे मी स्वतः सांगते. माझा प्रश्न त्यापुढचा आहे. वाचलेला वेळ कोणाच्या खात्यात जमा होतो? आणि जे काम मशीन करत नाही, ते कोण करते?

दहा किलो म्हणजे काय, ते पाहू. हे वजन कोरड्या कपड्यांचे असते. तेच कपडे बाहेर काढून गच्चीवर न्यायचे, तेव्हा त्यात पाण्याचे वजन मिळालेले असते. मशीन कपडे धुते आणि पिळते, एवढेच. त्याआधी घरभर पडलेले कपडे गोळा करायचे. खिसे तपासायचे, कारण खिशातली पुडी किंवा चिठ्ठी राहिली तर बोलणी आपल्यालाच. पांढरे, रंगीत, रंग जाणारे असे वेगळे करायचे. कॉलर आणि पायजम्याच्या कडा ब्रशने हातानेच घासायच्या. धुऊन झाले की जिना चढायचा, झटकायचे, वाळत घालायचे, पावसाचा थेंब आला की धावायचे, काढायचे, घड्या घालायच्या, ज्याचे त्याच्या कपाटात ठेवायचे आणि "माझा निळा शर्ट कुठे हाय?" या हाकेला ओ द्यायची. या सगळ्यात बटण दाबण्याचे काम तेवढे अर्ध्या मिनिटाचे. घरातले पुरुष ज्याला "कपडे धुणे" म्हणतात ते एवढेच. आणि तेही ते दाबत नाहीत.

पाण्याची कथा वेगळीच. वरून कपडे टाकायचे मोठे मशीन भरून लावले, तर एका धुण्याला शंभर लिटरहून अधिक पाणी सहज लागते. शहरातल्या जाहिरातीत नळ चोवीस तास असतो. आमच्या गल्लीत तो रोज येत नाही, आणि येतो तेव्हा धार करंगळीएवढी. त्या धारेवर मशीन नुसते थांबून राहते. मग मी टाक्यातून बादल्या काढून त्यात ओतते. मशीनवर लिहिलेले आहे "पूर्ण स्वयंचलित". आमच्या घरी स्वयंचलित आहे ती मी. इथून चाळीसेक किलोमीटरवरच्या यवतमाळ शहरात २०१८ च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह ही धरणे आटली. तेव्हा टँकरपुढे गुंडे-कॅन घेऊन रांगेत उभ्या राहिलेल्यांत बायका आणि मुलीच किती होत्या, हे जिल्ह्यातल्या कोणालाही सांगायला नको. घरात मशीन असो वा नसो, पाणी भरायचे काम बाईचेच, ही वाटणी कोणत्याही कंपनीने बदललेली नाही.

मशीन मोठे झाले की धुणेही मोठे होते, हा माझा दुसरा अनुभव. हाताने धुवायचे होते तेव्हा शर्ट दोन दिवस चालत होता, चादर पंधरा दिवसांनी निघत होती. आता एकदा अंगाला लागलेला टॉवेलही टोपलीत पडतो. पडदे, गाद्यांच्या खोळी, मोटारसायकलच्या सीटचे कव्हर, पाहुण्यांचे कपडे, सगळे येते. "टाक न मशीनमंदी, तुले थोडंच धुवा लागते?" हे फक्त आमच्याच घरी होते असे नाही. अमेरिकेत ही मशीने फार आधी घरोघर गेली. तिथे जोआन वानेक यांनी १९७४ साली 'सायंटिफिक अमेरिकन' मध्ये दाखवून दिले, की १९२० च्या दशकापासून पुढे गृहिणींचा कपडे धुण्यात जाणारा वेळ कमी होण्याऐवजी वाढला. इतिहासकार रूथ श्वार्ट्झ कोवान यांनी १९८३ साली 'मोअर वर्क फॉर मदर' या पुस्तकात त्याचे कारण मांडले. घरकामात पूर्वी पुरुषांचा, मुलांचा, पगारी माणसांचा जो काही वाटा होता तो यंत्रे आल्यावर संपला, आणि सगळे काम एकट्या आईकडे आले. शिवाय स्वच्छतेची अपेक्षा वाढली ती वेगळीच. अमेरिकेत जे घडून गेले, तेच आता आमच्या तालुक्याच्या गावी घडते आहे.

आता मशीनमध्ये न जाणाऱ्या कपड्यांबद्दल. धाकटे दीर शेती पाहतात. आमचा भाग कपाशीचा. २०१७ च्या खरिपात आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो जण दवाखान्यात भरती झाले. फवारणीचे कपडे घरच्या इतर कपड्यांत मिसळू नयेत, हातमोजे घालून वेगळे धुवावेत, असे जाणकार सांगतात. ते बरोबरच आहे. पण वेगळे म्हणजे कुठे, आणि कोणी? मोरीत, घरच्या बाईने, उघड्या हातांनी. ज्या दिवसांत जिल्हाभर औषधांची, पंपांची, मास्कची चर्चा चालली होती, त्या दिवसांत ते विषारी कपडे धुणाऱ्या माझ्या ओळखीच्या एकाही बाईला "तुला काही त्रास होतो का?" असे कोणी विचारले नाही. हजारो रुपयांचे मशीन घरात येते, पण रबरी हातमोजांची जोडी येत नाही.

दुसरे न जाणारे कपडे म्हणजे पाळीचे. माझ्या ओळखीच्या कितीतरी घरांत नियम असा, की शेताच्या चिखलाने, गुराच्या शेणाने माखलेला पायजमा मशीनमध्ये चालतो. पण बाईच्या पाळीचा डाग असलेला परकर चालत नाही. तो तिने वेगळा, पहाटे, कोणाला दिसणार नाही असा धुवायचा आणि दुसऱ्या कपड्याच्या आड वाळवायचा. मशीन एकविसाव्या शतकातले आणि विटाळ आजेसासूच्या काळातला, दोन्ही एकाच मोरीत सुखाने नांदतात. म्हणून यंत्र आले की विचार आपोआप बदलतात यावर माझा विश्वास नाही. विचार बदलायला भांडावेच लागते. आमच्या घरी मी भांडले. आता माझे आणि मुलीचे सगळे कपडे मशीनमध्येच जातात. देव कोपलेला नाही.

या विटाळाचे ओझे केवळ घरच्या बाईनेच वाहिले असे नाही. बाळंतिणीचे, सुतकाचे, आजाऱ्याचे कपडे धुण्याचे काम गावाने पिढ्यान्‌पिढ्या वरठ्यांवर टाकले आणि त्याच कामासाठी त्यांना हलके ठरवले. याच वऱ्हाडात, शेंडगावी, १८७६ साली परिटाच्या घरी जन्मलेल्या गाडगेबाबांनी हातात खराटा घेतला आणि घाण काढणारा हलका नसतो हे गावोगाव फिरून सांगितले. त्यांची जयंती आपण करतो, पण धुणे करणाऱ्या बाईचा पगार कापताना बाबा आठवत नाहीत.

कारण मशीनचा पहिला फटका बसतो तो तिलाच. आमच्या गल्लीत धुणे-भांडी करणाऱ्या मावशींची पाच घरे होती. एकेका घरात मशीन आले तसतसे "आता धुणं नाही, नुसती भांडी" असे म्हणून पैसे कमी झाले. पण जाता जाता मशीनमधले कपडे काढून वाळत घालायला तिलाच सांगितले जाते, आणि त्याचा पैसा धरला जात नाही. आमच्याकडेही तशी सूचना आली होती. मी म्हटले, काम राहणार असेल तर पैसेही राहतील. कापायचे असतील तर वाळत कोण घालणार तो पुरुष पुढे या. कोणी पुढे आले नाही, पैसे कायम राहिले. विदर्भ मोलकरीण संघटनेने, रूपाताई कुळकर्णींनी, आपल्याला हेच तर शिकवले, की मोलकरीण ही कामगार आहे आणि तिच्या कामाचा दर ठरला पाहिजे. महाराष्ट्रात २००८ साली घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदाही झाला. मालकिणीची सुटका मोलकरणीच्या पोटावर पाय देऊन होणार असेल, तर तिला मुक्ती म्हणायची का?

मग सर्वांत मोठा युक्तिवाद येतो : "मशीन घेऊन दिलं न!" हे "घेऊन दिले" नीट ऐका. कपडे सात जणांचे, पण मशीन बाईला घेऊन दिले. म्हणजे धुणे हे मुळात तिचे, आणि यंत्र हा तिच्यावरचा उपकार. अनेक घरांत तर ते तिच्याच बापाने कर्ज काढून आंदणात दिलेले असते, तरी उपकार सासरचा! बिल नवऱ्याच्या नावे, गॅरंटीचे कार्ड नवऱ्याच्या नावे. दुरुस्तीचा माणूस आला की माझ्याशी न बोलता विचारतो, "साहेब हायत का?" साहेबांना कोणते बटण कशाचे हे ठाऊक नाही.

आकडेही हेच सांगतात. केंद्र सरकारच्या वेळ-वापर पाहणीनुसार, २०१९ मध्ये घरकाम करणारी स्त्री त्यासाठी दिवसाला २९९ मिनिटे देत होती आणि घरकामाला हात लावणारा पुरुष ९७ मिनिटे. २०२४ च्या पाहणीत हे आकडे २८९ आणि ८८ झाले. बाईची दहा मिनिटे कमी झाली, हे खरे. पण पुरुषांचीही नऊ कमी झाली. मुळात ज्यांचे काम कमी होते त्यांनाच तेवढी सूट मिळाली. अंतर जिथल्या तिथे.

या कामाला किंमत आहे हे न्यायालयही मानते, पण केव्हा? बाई मेल्यावर. २००१ साली लता वाधवा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गृहिणीच्या सेवेचे मोल महिना ३००० रुपये धरले. जानेवारी २०२१ मध्ये अपघाताच्या नुकसानभरपाईच्या एका खटल्यात याच न्यायालयाने २०११ च्या जनगणनेचा दाखला दिला : घरकाम हेच मुख्य काम असे सांगणाऱ्या स्त्रिया जवळपास १६ कोटी, पुरुष ५८ लाखांच्या आत. जिवंतपणी मात्र तिला "काय काम हाय?" मारिया रोझा दाला कोस्ता आणि सेल्मा जेम्स यांनी १९७२ पासून घरकामाच्या मोबदल्याचा प्रश्न लावून धरला. २०१५ साली एरियल पावडरच्या जाहिरातीने विचारले, की धुणे फक्त बाईचेच काम का? प्रश्न आपला, खपली पावडर. प्रश्न परत आपल्या हातात घ्यायला हवा.

म्हणून मैत्रिणींनो, माझे म्हणणे असे. मशीन जरूर घ्या, पण "मला घेऊन दिले" असे कोणालाही म्हणू देऊ नका. ते घराचे आहे, म्हणून कामही घराचे. बारा वर्षांवरच्या प्रत्येकाने, मुलगा असो की मुलगी, आपले कपडे खिसे तपासण्यापासून घडी ठेवण्यापर्यंत स्वतः करावेत. फवारणी करणाऱ्याने आपले कपडे हातमोजे घालून स्वतः धुवावेत. मशीन आले म्हणून धुणेवालीचा पैसा कापायचा नाही. आणि ज्यांच्या घरी ना जागा, ना पाणी, ना हप्त्याची ऐपत, त्यांच्यासाठी वस्तीत पाण्याची सोय असलेली धुलाई केंद्रे मागू या. ती बचत गटांनी चालवावीत, तिथे काम करणाऱ्या बायांना रीतसर मजुरी मिळावी. एकेका घरात दहा किलोचे मशीन आठवड्याचे सहा दिवस रिकामे उभे असते आणि शेजारची बाई दगडावर कपडे आपटत असते, यात कोणती प्रगती आहे?

सुरुवात म्हणून प्रत्येक गटाने एक करावे. एका आठवड्याच्या धुण्याचा हिशेब मांडावा. गोळा कोणी केले, पाणी कोणी भरले, बटण कोणी दाबले, वाळत कोणी घातले, घड्या कोणी घातल्या, प्रत्येक कामापुढे नाव लिहायचे. तो कागद मशीनवरच चिकटवा. दुरुस्तीवाल्यालाही वाचू द्या, पाहुण्यांनाही, साहेबांनाही.