गृहव्यवस्था : माळ्यावरची अडगळ आणि घराचें कर्ज

डोंबिवलीच्या एका वाचकभगिनीचें पत्र आमच्यापुढें आहे. कुटुंब नऊ माणसांचें. साताऱ्याकडील वडिलोपार्जित घर पडावयास आलें म्हणून तें मोडलें. आंतील सामान दोन टेंपो भरून नव्या घरीं आलें. या नव्या घरावर तीस लाखांचें कर्ज असून मुदत वीस वर्षांची आहे. हप्ता गेला कीं महिनाअखेर ओढाताण होते आणि इकडे एक संबंध खोली व तीन माळे जुन्या सामानानें भरले आहेत. विकावयाची गोष्ट काढली कीं सासूबाई बोलत नाहींत, पण दोन दिवस त्यांच्या घशाखालीं घांस उतरत नाहीं. "विकावें कीं नाहीं तें सांगा, आणि विकून जे चार पैसे येतील, त्यांनीं कर्जाचा डोंगर कितीसा हालणार, तेंही सांगा," असें पत्रांत विचारलें आहे.

दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर आधीं देतों. कारण तें आंकड्यांचें आहे, आणि आंकडे सासू-सुनांपैकीं कोणाचाच पक्ष घेत नाहींत.

तीस लाखांचें कर्ज, वीस वर्षांची मुदत आणि व्याज दरसाल दरशेंकडा साडेआठ, असें धरूं. हप्ता सुमारें २६,०३५ रुपये पडतो. पैकीं पहिल्या महिन्यांत २१,२५० रुपये नुसत्या व्याजाचे. मुद्दल फिटतें तें अवघें ४,७८५. अशा रीतीनें दहा वर्षें, म्हणजे मुदतीचा नेमका अर्धा भाग, एकही हप्ता न चुकवितां काढला, तरी तीस लाखांपैकीं जवळजवळ एकवीस लाख शिल्लकच राहतात. हें वाचून पुष्कळांस धक्का बसेल. परंतु कर्जाच्या आरंभीं मुद्दल मोठें असतें म्हणून व्याजही मोठें होतें, यापलीकडे त्यांत गूढ असें कांहीं नाहीं. याचीच उलट बाजू मात्र मोठी उपयोगी आहे. आरंभीं भरलेला जादा पैसा सरळ मुद्दलांत जातो, आणि त्यावरील पुढच्या सर्व वर्षांचें व्याज टळतें. वरील कर्जांत आरंभींच पन्नास हजार रुपये जादा भरले आणि हप्ता पूर्वीइतकाच ठेवला, तर शेवटचे सुमारें दहा हप्ते भरावे लागत नाहींत. दहा हप्ते म्हणजे दोन लाख साठ हजार रुपये! तेच पन्नास हजार दहा वर्षांनीं भरले, तर हप्ते वांचतात ते चार आणि वर थोडें. तेव्हां चार पैशांनीं डोंगर हालतो कीं नाहीं, हें पैसे किती यावर जितकें अवलंबून आहे, तितकेंच ते केव्हां भरले यावरही आहे.

यांत एक मेख आहे. जादा रक्कम भरली कीं कांहीं बँका हप्ता कमी करून देतात आणि मुदत तशीच ठेवतात. महिनाअखेरच्या ओढाताणींत हप्ता कमी झालेला गोड वाटतो, आणि फार ओढाताण असेल त्यानें तोच मार्ग धरावा. त्यांत लाज नाहीं. परंतु झेपत असेल तर "हप्ता आहे तोच ठेवा, मुदत कमी करा" असें लेखी द्यावें व नवें वेळापत्रक मागून घ्यावें. बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर मुदतीपूर्वीं फेड केल्याबद्दल व्यक्तीकडून दंड घेण्यास रिझर्व्ह बँकेनें २०१२ सालींच बँकांना मनाई केली आहे. व्याजदर स्थिर असेल तर मात्र करारपत्र वाचून पाहावें. आणखी एक गोष्ट. घरांत कोणाच्या क्रेडिट कार्डाची बाकी थकली असेल, तर अडगळीचा पहिला पैसा तेथें घालावा; त्याच्या व्याजापुढें गृहकर्जाचें व्याज म्हणजे मामाच्या घरचें जेवण!

हा झाला विकून येणाऱ्या पैशाचा हिशेब. परंतु अडगळ न विकतां ठेवण्यास काय पडतें, हा हिशेब सहसा कोणी मांडीत नाहीं. जागेचा भाव चौरस फुटास आठ हजार धरला आणि सामानानें चाळीस चौरस फूट अडविले असतील, तर तीन लाख वीस हजारांची जागा आपण मोडक्या खुर्च्यांस राहावयास दिली. त्या रकमेवर साडेआठ टक्क्यांनीं वर्षास २७,२०० रुपये व्याज होतें; म्हणजे वर्षांतला एक हप्ता आणि वर कांहीं, आपण त्या खुर्च्यांचें भाडें म्हणून भरतों. धाकट्या दिराच्या मुलास अभ्यासाला कोपरा नाहीं आणि खुर्च्यांस खोली आहे, ही व्यवस्था आम्हांस तरी उलटी वाटते.

आतां विकण्याविषयीं. येथें आशा बेताची ठेवावी. लांकडी सामान, शिवणयंत्र, मिक्सर, टी. व्ही. यांना आपण मोजलेल्या किंमतीच्या मानानें फारच थोडें येतें, आणि जितका उशीर करावा तितकें तें आणखी घटतें. खरा पैसा असतो तो तांब्या-पितळेंत. बंब, घंगाळ, हंडे, पिंपें, लग्नकार्याचीं पातेलीं ज्या घरांत आहेत, त्या घरांत धातूच वजनावारी चांगला पैसा देऊन जातो. मोडीचा भाव रोज बदलतो, म्हणून दोन-तीन दुकानीं विचारावा. घरीं वजन करून मगच भांडीं बाहेर काढावीं. तांबें आणि पितळ वेगळें तोलावयास लावावें, कारण तांब्याचा भाव चढा असतो आणि एकत्र तोललें कीं तें पितळेच्या भावानें जातें. तळाला शिसें किंवा आंत लोखंडी कडी असल्यास दुकानदार तूट धरणारच. ती आधींच काढून ठेवावी. जें भांडें वापरांत येण्याजोगें असेल तें कल्हई करून ठेवावें. पुण्यास कसब्यांतील तांबट आळींत ठोक्याचें काम अजून चालतें. तसल्या कारागिराच्या हातचें जुनें घंगाळ मोडींत घालण्यापूर्वीं जरा विचार करावा, कारण भांडें म्हणून त्याला जें मोल येईल तें धातू म्हणून येणार नाहीं.

मोडीच्या दुकानांत एक मोह असतो. "पैसे कशाला नेतां, त्यांतच नवा कुकर घेऊन जा," असें दुकानदार गोड बोलून सांगतो. दारावर येणारी बोहारीण जुन्या कपड्यांवर स्टीलचा डबा देते, तोही प्रकार हाच. बोहारणीशीं घासाघीस करण्यांतला आनंद आम्ही कोणापासून हिरावून घेऊं इच्छित नाहीं. परंतु गेलेल्या सहा साड्यांच्या जागीं आलेला सातवा डबा कर्जाचा एक रुपयाही फेडीत नाहीं, आणि फळीवर मात्र जागा मागतो. विक्रीचा पैसा रोख किंवा खात्यांत घ्यावा आणि आठवड्याच्या आंत कर्जखात्यांत भरावा. घरांत राहिलेला पैसा दिवाळीच्या खरेदींत कसा विरून जातो, हें गृहिणींस आम्हीं सांगावयास नको.

मोबाईलवरील संकेतस्थळांवर वस्तू विकणें सोयीचें आहे. मुलें तें काम हौसेनें करतात. त्यांना एकच ताकीद द्यावी. पैसे घेण्यासाठीं कधींही कोणता चौकोनी क्यू-आर कोड स्कॅन करावा लागत नाहीं, कीं गुप्त पिन घालावा लागत नाहीं. तो घालावा लागतो पैसे देण्यासाठीं. जो गिऱ्हाईक "पैसे पाठवितों, एवढा कोड स्कॅन करा" म्हणतो, तो कपाट घ्यावयास आलेला नसून आपलें खातें रिकामें करावयास आलेला असतो.

पुस्तकांचें म्हणाल तर सुटीं क्रमिक पुस्तकें व जुनीं मासिकें रद्दीच्या भावानें जातात, त्याला इलाज नाहीं. परंतु संच फोडूं नये. केतकरांच्या ज्ञानकोशाचे सगळे २३ खंड एकत्र असतील तर त्यांना घेणारा भेटतो. त्यांतले चार नातेवाइकांस वाटून दिले कीं उरलेल्यांना कोणी विचारीत नाहीं.

आतां पहिला प्रश्न, जो खरोखर कठीण आहे. विकावें कीं नाहीं हें ठरविण्याचा अधिकार कोणाचा? हप्ता मुलगा भरतो, म्हणून सामान त्याचें होत नाहीं. साताऱ्याचें घर वडिलोपार्जित असेल, तर आंतील सामानावर दुसऱ्या भावाचा, आणि सासरीं गेलेल्या बहिणींचाही शब्द असला पाहिजे. २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतींत मुलींचा हक्क मुलांच्या बरोबरीचा झाला आहे. पण कायदा बाजूस ठेवला तरी, माहेरचा बंब परस्पर विकला गेल्याचें जिला शेजारणीकडून कळतें, तिच्या मनांत तो बंब आयुष्यभर तापत राहतो. सोन्याची गोष्ट तर याहून स्पष्ट आहे. सुनेच्या किंवा सासूच्या अंगावरचें स्त्रीधन हें तिचें एकटीचें. सर्वोच्च न्यायालयानें १९८५ सालीं हें निःसंदिग्ध शब्दांत सांगितलें आहे. घरावर कर्ज आहे म्हणून चार माणसांनीं बैठकींत बसून तिच्या पाटल्यांचा निकाल लावणें आम्हांस मुळींच मान्य नाहीं. ती आपण होऊन देईल तर तो तिचा मोठेपणा. मागूं मात्र नये.

सासूबाईंच्या अबोल्याबद्दल पत्रांत जरा त्रासून लिहिलें आहे. तो त्रास आम्ही समजूं शकतों. परंतु ज्या बाईनें पन्नास वर्षें तीं भांडीं घांसलीं, तिच्या देखत त्यांचें वजन होत असतां "एवढे आले!" म्हणून आपण आनंदावें, हें तिला कसें रुचावें? आमच्या परिचयाच्या एका घरीं असाच पेंच होता. तेथें मुलानें यादी करण्याचें काम आईकडेच दिलें. तिनें चार दिवस बसून एकेक वस्तू कोणाची, कोठून आली, कोणत्या मुंजींत वापरली, हें नातीकडून वहींत लिहवून घेतलें. पांचव्या दिवशीं मोठा बंब, दोन पिंपें आणि शंभर पानांचीं पातेलीं तिनें आपण होऊन बाहेर काढावयास लाविलीं. ठेवून घेतली ती एक वांकडी सांडशी. कां, तें तिनें सांगितलें नाहीं व कोणी विचारलेंही नाहीं. मोडीच्या पैशाची पावती तिच्या हातीं दिली आणि बँकेंत भरणाही तिच्याच हस्तें झाला. म्हाताऱ्या माणसांचा जीव वस्तूंत असतो हें अर्धें खरें आहे. पुष्कळदां तो आपणांस विचारलें जाण्यांत असतो. अर्थात् सगळीकडे असेंच घडेल अशी हमी आम्ही देत नाहीं. सासूबाईंनीं सर्वच ठेवावें म्हटलें, तर एक कपाट त्यांचें म्हणून सोडून द्यावें आणि त्याला हात लावूं नये. दोन-चार हजारांसाठीं घरांतलें बोलणें बंद पडणें हा सौदा महागाचा होय.

शेवटीं, पत्रासोबतच्या यादींत अगदीं तळाशीं "फडक्यांत बांधलेलें पोथ्यांचें व मोडी कागदांचें बाड, कांहीं पानें वाळवीनें खाल्लेलीं" असें लिहिलें आहे, आणि त्यापुढें "रद्दी" असा शेरा आहे. तो शेरा कृपा करून खोडावा. राजवाड्यांनीं १८९८ पासून "मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें" २२ खंडांत छापलीं, तीं असल्याच जुन्या घरांतील बाडांतून निघालीं. पुण्यास १९१० सालीं स्थापन झालेलें भारत इतिहास संशोधक मंडळ आणि १९१७ सालचें भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर येथें असे कागद व पोथ्या जाणणारे लोक आहेत. त्यांस आधीं पत्र लिहून विचारावें. १९७२ च्या कायद्याप्रमाणें ऐतिहासिक वा वाङ्मयीन मोलाचें ७५ वर्षांहून जुनें हस्तलिखित पुरावस्तूंत मोडतें आणि खासगी रीतीनें तें परदेशीं पाठवितां येत नाहीं. म्हणून दारावर येऊन चांगला भाव देऊं करणाऱ्या अनोळखी माणसाच्या हातीं तें देऊं नये. तोंवर बाड उन्हांत घालूं नये, पानें चिकटपट्टीनें जोडूं नयेत, कीं त्यांवर औषध फवारूं नये. वाळवी दुसरीकडे जाऊं नये म्हणून तें इतर कागदांपासून दूर, स्वच्छ सुती फडक्यांत बांधून, कोरड्या जागीं ठेवावें. येत्या रविवारीं रद्दीवाला बोलाविला असल्याचें पत्रांत आहे. म्हणूनच हें उत्तर पुढील अंकावर न टाकतां याच अंकीं दिलें आहे, आणि त्याची एक प्रत पत्रलेखिकेस निराळी डाकेनें पाठविली आहे.