दुपट्टा, फुल बाह्या आणि लोणारचा चढ

उन्हाळ्यात ट्रेक, आणि तोही बुलढाणा जिल्ह्यात? ऑफिसात हा प्लॅन टाकला की निम्मे लोक हसतात आणि उरलेले थेट मॉल गाठतात. मला काळजी वाटते ती या दुसऱ्या पार्टीची. कारण ते जे काही पिशव्या भरभरून आणतात ते एक तर सह्याद्रीच्या पावसाळ्यासाठी असतं, नाहीतर मनालीसाठी. लोणारच्या मे महिन्यात त्यातलं फारच थोडं कामाला येतं.

लोणार म्हणजे तेच ते उल्केने पडलेलं विवर. जून २०२० मध्ये तळं गुलाबी झालं होतं आणि फोटो प्रत्येक ग्रुपवर फिरत होते, आठवतंय ना? व्यास साधारण १.८ किलोमीटर, खोली १३७ मीटरच्या आसपास. म्हणजे चाळीसेक मजल्यांची बिल्डिंग, पण जमिनीच्या खाली! आणि इथेच सगळी गोम आहे. गडावर आपण ताज्या दमाने चढतो आणि दमल्यावर उतरतो. इथे हिशेब उलटा. सकाळी धारेच्या बाजूने मजेत गप्पा हाणत उतरायचं, आणि चढायचं ते दहा-अकराला, डोक्यावर ऊन आणि त्या वाडग्यात वाऱ्याचा पत्ता नाही अशा वेळी. त्यामुळे कपडे निवडायचे ते परतीच्या चढासाठी.

गेल्या वर्षी आमच्या ग्रुपमधला एक जिमवाला काळ्या, अंगाला चिकटलेल्या स्लीव्हलेस टी-शर्टात उतरला होता. एकदम हीरो! वर येताना अर्ध्यात त्याचं डोकं ठणकायला लागलं, मग मळमळ, मग उलटी. सावलीत बसवून, ओला दुपट्टा मानेवर आणि काखेत ठेवून, मीठ-साखरेचं पाणी घोट घोट पाजून तासाभराने गडी उभा राहिला. तो बोलण्यात असंबद्ध झाला असता किंवा बेशुद्ध पडला असता, तर एक मिनिट न थांबता हॉस्पिटल गाठावं लागलं असतं. तो उष्माघात, आणि त्यात माणूस जातो.

म्हणून माझा फंडा साधा आहे. फिक्या रंगाचा, ढगळ, फुल बाह्यांचा, कॉलरचा सुती शर्ट. बाबांच्या कपाटातला चालेल, किंबहुना तोच बेस्ट. ड्रायफिटची जाहिरात ‘घाम लगेच सुकतो’ अशी असते. पण विदर्भाच्या कोरड्या हवेत घाम तसाही सुकतोच, आणि अंग कोरडं वाटल्यामुळे किती पाणी गेलं ते कळतच नाही. सुती कापड घाम धरून ठेवतं आणि हळूहळू गार करतं. शेगावहून गजानन महाराजांची पालखी आषाढीच्या महिनाभर आधी, ऐन तापत्या दिवसांत पंढरपूरला पायी निघते. त्या वारकऱ्यांचे पांढरे, सैल कपडे बघा. आणि डोक्याला दुपट्टा! विदर्भात पुरुषही तो सर्रास बांधतात. कॅप कान आणि मान उघडी टाकते, दुपट्टा टाकत नाही.

आता ट्विस्ट. दुपारनंतर आभाळ भरून येतं, धुळीची वावटळ उठते आणि वळीव कोसळतो, कधी गारांसकट. तासाभरापूर्वी ज्या सुती शर्टाने वाचवलं तोच ओला होऊन वाऱ्यात हुडहुडी भरवतो. म्हणून दुसरा कोरडा शर्ट प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधून सॅकमध्ये हवाच, वर एक पातळ विंडचीटर. गारा पडायला लागल्या तर सॅक डोक्यावर घ्या. विजा कडाडत असतील तर झाडाखाली मात्र अजिबात नको.

जीन्स? प्लीज, नको. भिजली की दोन किलोची होते. हाफ पँटही नको, कारण वाळलेल्या गवताची कुसळं. ती मोज्यात शिरली की दोन दिवस टोचत राहतात. गुळगुळीत कापडाची सैल पँट घाला, मोजे तिच्या आत राहू द्या.

बुटांवर मात्र लोक उगाच पैसे उधळतात. उतारावर सुटा मुरूम असतो, तिथे पाय सटकतो. म्हणून सोल रबराचा आणि पकडीचा हवा हे खरंच. पण बाभळीचा काटा फ्लोटर्सचा मऊ सोल आरपार भेदतो, त्यामुळे सोल जाड आणि बंद बूटच हवा. बरं, तो महागडा, खोल खाचांचा बूट घेतलात आणि पाऊस आला, तर भोवतालच्या शेतांतली काळी माती त्या खाचांत अशी भरते की प्रत्येक पायाला एकेक वीट बांधल्यासारखं वाटतं. मध्यम खाचांचा, आधी महिनाभर वापरून मऊ झालेला बूट सगळ्यात सही. सॅकमध्ये नवा कोरा बॉक्स उघडणाऱ्यांशी मी वादच घालत नाही, त्यांचे फोड घालतात.

आणि चामड्याचे बूट घालून तळ्याच्या काठच्या चिखलात उतरू नका. ते पाणी चांगलंच खारट आणि क्षारयुक्त आहे, चामडं कडक होऊन तडकतं. कापडी बूट असले तरी त्याच रात्री साध्या पाण्याने धुवा आणि सावलीत वाळवा. हॉटेलवाल्याला आधी विचारून, हां!