दोष शोधण्याचा क्रम

अठरा पापस्थानकांमध्ये तेरावे स्थान अभ्याख्यानाचे आहे. अभ्याख्यान म्हणजे दुसऱ्यावर खोटा आळ घेणे. प्रतिक्रमणात हा शब्द श्रावकाच्या मुखी नित्य येतो. परंतु पेढीवर अथवा घरात काही बिघडले की कारण सापडण्याआधीच अपराधी ठरतो.

सांगलीच्या एका व्यापारी कुटुंबाने जुनी प्रीमियर पद्मिनी जपून ठेवली आहे. कुर्ल्याच्या कारखान्यात ही मोटार बनवणारी प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी १९४४ साली वालचंद हिराचंद यांनी स्थापन केली. ते सोलापूरच्या जैन व्यापारी घराण्यातले, म्हणून घरातील वडीलधाऱ्यांना या गाडीचा विशेष अभिमान. चातुर्मासात घरचा प्रवास बंद, त्यामुळे गाडी चार महिने शेडमध्ये उभी होती. कार्तिकी पौर्णिमेला कुंभोजगिरीच्या यात्रेस निघायचे म्हणून आदल्या दिवशी ती बाहेर काढू लागले, तर सेल्फ फिरे, पण इंजिन सुरू होईना.

शेठजींचा रोष वीस वर्षांच्या जुन्या चालकावर गेला. ‘‘तूच काहीतरी हात लावून ठेवला असशील,’’ असे ते चारचौघांत बोलले. चालक खाली मान घालून उभा राहिला. धाकट्या चिरंजीवांनी बाजारातून नवे प्लग आणि नवी कॉइल आणवून बसवली. पैसे गेले, गाडी जागची हलली नाही.

सायंकाळी एक वृद्ध मिस्त्री आले. त्यांनी प्रथम एवढेच विचारले, ‘‘किती दिवस उभी होती?’’ मग एक प्लग काढून वायरीला जोडला, त्याचे लोखंड इंजिनला टेकवले आणि सेल्फ मारायला सांगितले. ठिणगी नव्हती. नंतर कॉइलपासून डेल्कोच्या झाकणाच्या मध्यभागी येणारी जाड वायर काढून, रबरी मुठीच्या पकडीने इंजिनपासून किंचित दूर धरली. तेथेही ठिणगी नव्हती. ती असती, तर दोष झाकण, रोटर किंवा प्लगच्या वायरींत असता. नव्हती, म्हणजे दोष त्याच्या अलीकडे होता.

चावी फिरवून त्यांनी बारा व्होल्टच्या दिव्याची एक वायर अर्थला आणि दुसरी कॉइलच्या बॅटरीकडील टोकाला लावली. दिवा पेटला; पुरवठा ठीक होता. मग दिवा डेल्कोकडील टोकाला लावून पुन्हा सेल्फ मारला. पॉइंट नीट उघडमीट करत असतील तर दिवा लुकलुकतो. येथे तो सलग पेटत राहिला. पॉइंट मिटत असतील, तरी त्यांतून करंट जात नव्हता. झाकण उघडताच पॉइंटवर पावसाळी दमटपणाने धरलेला राखाडी थर दिसला. बारीक कानशीने तो काढून, पॉइंट कोरड्या कापडाने पुसून मिस्त्रींनी फिलर गेजने सुमारे ०.४५ मिलीमीटर अंतर बांधले. सेल्फ मारताच इंजिन सुरू झाले.

प्लग निर्दोष होते, कॉइल निर्दोष होती आणि चालकही निर्दोष होता. गाडीला कोणी हात लावला नव्हता, हेच खरे कारण होते.

मिस्त्रींनी प्रत्येक पायरीवर एकच प्रश्न विचारला आणि उत्तर मिळाल्याखेरीज पुढचे पाऊल टाकले नाही. मोक्षमार्गातही दर्शन आणि ज्ञान यांच्यामागून चारित्र्य सांगितले आहे. आधी पाहावे, मग जाणावे आणि त्यानंतर करावे. शेठजींच्या घरी त्या दिवशी हा क्रम उलटा झाला होता. अनावश्यक कॉइलचे पैसे दुकानाच्या हिशेबात भरून निघतील. चारचौघांत दुखावलेल्या मनाची भरपाई तशी होत नाही.

पर्युषणात शेकडो घरी ‘मिच्छा मि दुक्कडं’ची पत्रे गेली होती. त्या रात्री शेठजी स्वतः शेडपर्यंत चालत गेले. ज्यांच्यासमोर दोष दिला होता, त्या सर्वांसमोरच त्यांनी चालकाला हात जोडून तेच शब्द उच्चारले. पहाटे गाडी कुंभोजगिरीकडे निघाली, तेव्हा चालकाच्या शेजारच्या आसनावर शेठजी बसले होते.