फोटो काढा, पण चित्राचा नको

मेडनहेडहून मार्लोला जाणाऱ्या छोट्या गाडीला इथले लोक गाढव म्हणतात, ‘मार्लो डाँकी’. फर्झ प्लॅटनंतर कुकम येतं. तिथे उतरून गवताळ मैदान ओलांडायचं आणि हाय स्ट्रीट संपेपर्यंत चालायचं. टोकाला मेथडिस्ट पंथाचं जुनं प्रार्थनाघर आहे, तीच स्टॅन्ली स्पेन्सर गॅलरी. चित्रकार स्पेन्सर 1891 मध्ये याच रस्त्यावरच्या घरात जन्मला, लहानपणी आईबरोबर याच प्रार्थनाघरात यायचा आणि 1962 पासून त्याची चित्रं इथल्या भिंतींवर आहेत. जागा एवढीशी की आपल्याकडच्या मंगल कार्यालयातला जेवणाचा हॉलसुद्धा हिच्याहून मोठा भरेल.

प्रदर्शन बदलायचं असलं की हे दालन बंद होतं. 2007 मध्ये मोठी डागडुजी होऊन ते नव्याने उघडलं. 2020 च्या साथीत सगळ्यांसारखं त्यालाही कुलूप लागलं. दार पुन्हा उघडलं की आम्ही आसपासचे लोक फोन सरसावून हजर. या आठवड्यात मला त्या फोनबद्दलच बोलायचं आहे. चित्रांचे फोटो काढू नका, दालनाचे काढा.

लंडनची नॅशनल गॅलरी 2014 पासून फ्लॅशविना फोटो काढू देते. साथीत बंद झालेली ती 8 जुलै 2020 ला उघडली, मोठ्या राष्ट्रीय संग्रहालयांपैकी सर्वांत आधी. तिथे टर्नरचं ‘रेन, स्टीम अँड स्पीड’ आहे, 1844 सालचं. त्यातला पूल आमचा, मेडनहेडचा. अभियंता ब्रुनेलने बांधलेल्या विटांच्या त्या दोन चपट्या कमानींवरून आजही गाड्या जातात, एलिझाबेथ लाइनच्यासुद्धा. त्यामुळे इकडचा माणूस त्या चित्रासमोर पोचला की फोन बाहेर निघतोच. आणि फोटोत येतं काय? पिवळं धुकं, काळं इंजिन, कडेला कुणाचं तरी कोपर. इंजिनाच्या पुढे रुळांवर टर्नरने जीव मुठीत धरून पळणारा एक ससा रंगवला आहे. आता तो इतका फिकट झालाय की चित्राजवळ उभं राहूनही शोधावा लागतो. फोनला तो सापडणं कठीणच. नीट, मोठं करून बघता येईल असं छायाचित्र गॅलरीने स्वतःच संकेतस्थळावर ठेवलं आहे. आपण त्यात आणखी काय भर घालणार?

उलट त्या जुलैत नॅशनल गॅलरीत जे होतं, ते आता कुठेच बघायला मिळणार नाही. वेळ ठरवून घेतलेली तिकिटं, एकाच दिशेने जायचे तीन मार्ग, मास्क लावलेली माणसं, एरवी गजबजलेल्या दालनांत मोजकीच डोकी. कॅमेऱ्याचं काम तिथे होतं. टर्नर तसाही कुठे जात नव्हता.

मुंबईचं उदाहरण घ्या. भायखळ्याचं भाऊ दाजी लाड संग्रहालय लोकांसाठी 1872 मध्ये उघडलं. पाच वर्षांच्या दुरुस्तीनंतर 2008 मध्ये ते पुन्हा उघडलं तेव्हा लखलखलेले खांब, छत, जिने सगळ्यांनी टिपले. पण त्याआधीचं संग्रहालय, राणीच्या बागेत आलेल्या शाळेच्या सहली जिथे डोकावून जायच्या, त्याचा फोटो माझ्या ओळखीच्या मुंबईकरांपैकी कुणाच्याच घरी नाही. जे रोजचं असतं ते कोण टिपणार! बंद झाल्यावरच त्याची आठवण येते.

कुकममध्ये कायद्याचीही गंमत आहे. स्पेन्सर डिसेंबर 1959 मध्ये गेला. ब्रिटनमध्ये कॉपीराइट चित्रकाराच्या मृत्यूनंतर 70 वर्षं टिकतो, म्हणजे त्याची चित्रं 2029 च्या अखेरपर्यंत बांधलेली आहेत. भारतात मुदत 60 वर्षांची, तिथे ती 2019 संपताच सुटली. पुण्यात मोकळं असलेलं चित्र त्याच्या स्वतःच्या गावात मोकळं नाही. त्यात प्रदर्शनासाठी उसनी आणलेली चित्रं असतात, त्यांचे मालक वेगळे. त्यामुळे दाराशी बसलेल्या स्वयंसेवकांना विचारूनच फोन काढावा. ते नाही म्हणाले तर तोंड वाकडं करू नये.

इथे बघण्यासारखं जे आहे ते फोनात मावतही नाही. ‘कुकमच्या नौकाशर्यतीत ख्रिस्ताचं प्रवचन’ या विषयावरचं स्पेन्सरचं चित्र पाच मीटरहून लांब आहे, आणि अपुरं आहे. तो गेला तेव्हा त्यावर काम चालूच होतं. रंगवलेल्या तुकड्यांना लागूनच कोरा कॅनव्हास आहे, त्यावर पेन्सिलीची रेखाटनं. स्पेन्सर आधी सगळं रेखाटायचा आणि मग एकेक तुकडा पुरा करत पुढे सरकायचा, हे त्या कडेशी डोळे नेले की कळतं. फोनसाठी लांब जाऊन सगळं चौकटीत बसवलंत की नेमकी तीच कड हरवते.

ज्या बाबागाडीत रंग, कॅनव्हास भरून तो गावभर हिंडायचा, तीही गॅलरीने जपली आहे. चर्चच्या आवारात चित्र काढताना तो शेजारी पाटी लावायचा, की काम पुरं करायची घाई आहे, कृपया लक्ष विचलित करू नये. बघ्यांचा त्रास तेव्हाही होताच, फक्त त्यांच्या हातात फोन नव्हते.

एक सवलत मात्र मी देतो. महाराष्ट्रातून सहा महिन्यांसाठी आलेले आईबाबा चित्रासमोर उभे राहून फोटो मागतात, तेव्हा मुलंसुनांना अवघडल्यासारखं होतं. परवानगी असेल तर तो फोटो जरूर काढावा. पाच मीटरच्या चित्रापुढे पाच फुटांची आई उभी राहिली की चित्राचा आवाका कळतो, भिंत कळते, त्या वर्षी तिथे काय लावलं होतं तेही कळतं. तिला फक्त जरा बाजूला उभं करावं, म्हणजे कोरा कॅनव्हास झाकला जाणार नाही.