पार्टनर

घरपोच माल ही कल्पना ऑनलाइनवाल्यांनी काढली असे जे म्हणतात, ते गिरगावात कधी राहिलेले नसावेत. चाळीच्या गॅलरीतून दोरीला बांधलेली पिशवी खाली सुटायची आणि अर्धा किलो साखर नि वाण्याचा 'मागची बाकी राहिलीय, वहिनी' हा टोमणा, असा माल वर यायचा. ओटीपी नाही, पासवर्ड नाही. वहिनींचा आवाज हीच सही! १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत निघाली. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी गट करून महिन्याची यादी आधी भरून द्यायची आणि किराणा एकदम उतरवून घ्यायचा. बंगळूरला फ्लिपकार्ट निघाले २००७ साली. म्हणजे आम्ही बत्तीस वर्षे पुढे!

तेव्हा माझे भांडण घरपोच मालाशी नाही. लालबागच्या मसाला गल्लीपर्यंत जायचे त्राण नसेल त्यांनी खुशाल मोबाइलवर मागवावे. माझे भांडण एका शब्दाशी आहे. माल आणणाऱ्या पोराला या कंपन्या 'पार्टनर' म्हणतात.

अहो, मी बी.कॉम. झालेला माणूस. दुसरे काही आले नाही तरी भारतीय भागीदारी कायदा, १९३२ येतो. भागीदार म्हणजे धंद्याचा नफा वाटून घ्यायला कबूल झालेला इसम. या पोराच्या वाट्याला काय येते? चाळीचे चार जिने, पावसाळ्यात हिंदमाताचे पाणी, पेट्रोल स्वतःचे, आणि वर आपण देऊ तेवढे तारे! उद्या बँकेत साहेब मला 'पार्टनर' म्हणू लागले, तर मी आधी युनियनच्या सेक्रेटरीला गाठीन.

'पण स्वस्त पडतं ना!' आमची ही म्हणते. पडतं. पण जमेला रुपया दिसला की तो कोणाच्या तरी नावे पडलेलाच असतो, हे खतावणी लिहिणाऱ्याला कोणी सांगावे लागत नाही. आपली सवलत थोडी भांडवलवाल्यांच्या नावे पडते, थोडी या पोराच्या.

युरोपात ऑनलाइन घेतलेली बहुतेक वस्तू १४ दिवसांत कारण न सांगता परत करता येते. तसा निर्देश २०११ साली निघाला. गिऱ्हाइकाचे झाल्यावर त्यांनी पोराकडेही पाहिले. कंपनी ॲपवरून हुकूम सोडत असेल तर ती मालक आणि हा नोकर असे धरून चालावे, आणि तसे नसेल तर कंपनीने ते सिद्ध करावे, असा निर्देश २०२४ साली काढला. आपल्याकडे २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत 'गिग कामगार' आला खरा, पण व्याख्या काय? पारंपरिक मालक-नोकर नात्याबाहेरचा. म्हणजे घरात घेतले, पण उंबऱ्यावर बसवून!

माझे म्हणणे साधे आहे. भागीदार म्हणता तर नफा द्या. नोकर म्हणता तर पगारी रजा द्या, फंड द्या. दोन्ही जमत नसेल तर निदान एक शब्दकोश तरी विकत घ्या. ऑनलाइन मिळतो. सवलतीत.