पोफळीचा हिशेब

१ जून २०२० ला अरबी समुद्रात जे कमी दाबाचे क्षेत्र होते, ते दुसऱ्या दिवशी ‘निसर्ग’ चक्रीवादळ झाले आणि ३ जूनला भरदुपारी श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर धडकलेही. टाळेबंदीत घरी बसलेला महाराष्ट्र वृत्तवाहिन्यांवर नकाशातले ते फिरते चक्र पाहत होता. प्रश्न एकच, मुंबईचे काय होणार? वादळ अलिबागच्या दक्षिणेला जमिनीवर चढले, मुंबईने सुटकेचा निःश्वास सोडला आणि कॅमेरे हलले. मागे उरल्या ताशी शंभर किलोमीटरहून वेगवान वाऱ्याने आडव्या केलेल्या वाड्या. मुरूडपासून दापोलीपर्यंत माड मोडले, पत्रे-कौले उडाली, काही गावांत वीज यायला आठवडे लागले. श्रीवर्धनची रोठा सुपारी बाजारात नावाजलेली. पण मोडलेल्या पोफळीच्या, म्हणजे सुपारीच्या झाडाच्या, जागी नवी लावल्यापासून पीक हाती यायला पाच-सात वर्षे जातात. वर्षभरातच ‘तौक्ते’ चक्रीवादळही हा किनारा झोडपून गुजरातकडे गेले. इशारे वेळेवर मिळाले, माणसे सुरक्षित जागी हलवली गेली, हे यश मोठेच. मात्र बागायतदाराची भरपाई ठरवताना नुसती पडलेली झाडे मोजून भागत नाही. त्याची बुडालेली वर्षेही मोजायला हवीत.