शब्दांचे सगेसोयरे : त्रिशूळाचे दात

मित्रांनो, सावेडीहून आठवीतल्या एका मैत्रिणीचं पत्र आलंय. ती लिहिते, "रोज दहा अवघड इंग्रजी शब्द पाठ करते. रविवारी उजळणीला बसलं की त्यातले सात गायब! मी 'ढ' आहे का?"

छे, मुळीच नाही! एकटा पाठ केलेला शब्द एकटाच निसटून जातो. त्याचे नातेवाईक शोधायला हवेत.

आता 'ट्रायडेंट' घ्या. अर्थ त्रिशूळ. लॅटिनमध्ये 'ट्राय' म्हणजे तीन आणि 'डेन्स' म्हणजे दात. आपल्या संस्कृतातले त्रि आणि दंत! तीन दातांचं हत्यार. काय, आता विसराल? 'डेंटिस्ट' याच घरातला. 'इग्नाइट' म्हणजे पेटवणे. त्यातला लॅटिन 'इग्निस' हा आपल्या अग्नीचा भाऊ. 'मॅटर्नल'मध्ये माता सापडते आणि 'फ्रॅटर्नल'मध्ये भ्राता.

हा नुसता योगायोग नाही, बरं का! कलकत्त्याचे न्यायाधीश सर विल्यम जोन्स यांनी १७८६ साली एशियाटिक सोसायटीपुढे सांगितलं, की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या एकाच मुळातून निघालेल्या असाव्यात. पंडित नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया'त जोन्स यांचं संस्कृतविषयीचं मत दिलं आहे. आणि हे पुस्तक लिहिलं कुठं? सावेडीकरांनो, तुमच्याच शहरातल्या भुईकोट किल्ल्यात, १९४४ साली, कैदेत असताना!

कधी नातं नसतं, पण चाल सारखी असते. आपण 'सु' आणि 'दुर्' लावून सुगंध, दुर्गंध करतो ना? तसं लॅटिनचं 'बेने' म्हणजे चांगलं, 'माले' म्हणजे वाईट. भलं चिंतणारा तो 'बेनेव्होलंट', वाईट चिंतणारा 'मॅलेव्होलंट'. एका फटक्यात दोन शब्द!

मात्र दिसायला सारखे ते सगळेच सगे नसतात हं. 'बदनाम'मधला 'बद' फारसी आहे. इंग्रजी 'बॅड'शी त्याचा अर्थ जुळतो, पण रक्ताचं नातं काही नाही. म्हणून मोठ्या शब्दकोशात अर्थाबरोबर दिलेली व्युत्पत्तीही वाचायची. आई-बाबांनो, "पाठ झाले का?" याऐवजी एखादे दिवशी "हा शब्द आला कुठून?" असं विचारून पाहा.

आता तुमच्यासाठी कोडं. 'डँडेलायन' नावाचं एक पिवळं फूल असतं. त्याच्या नावात एक प्राणी आणि त्याचा एक अवयव लपलाय. उत्तर शोधताना चित्रात फूल नको, पान नीट बघा!